वाटणीत घराखालची जमीन धरायची नाही

कोकणात भावाभावांची वाटणी निघाली की भांडण बांधावरून पेटतं, पण खरी गोम बांधात नसते. समजा थोरला म्हणाला, ‘‘तीन वाटे करायला माझी ना नाही. फक्त घर, गोठा आणि मांगर ज्यावर उभे आहेत ती जमीन मोजायची नाही. राहील त्याचे तीन सारखे वाटे.’’ आता दहा गुंठ्यांपैकी आठ गुंठ्यांवर घर-गोठा-मांगर पसरलेले असतील, तर धाकट्यांच्या पदरात काय पडणार? कागदावर वाटे तीनच, आणि तेही सारखे.

मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या जमिनीची वाटणी अशीच झाली. जमीन थोडीथोडकी नव्हे, ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर, आणि तीही भायखळ्यापासून दादर-वरळीपर्यंत, बेटाच्या ऐन मध्यावर. जुन्या औद्योगिक जागेचा पुनर्विकास झाला तर भोवतालच्या लोकांना काय मिळतं, हे तपासायला आपल्याकडे याहून मोठं प्रकरण नाही. मला त्यात सगळ्यात जास्त रस वाटतो तो एका शब्दाच्या बदलात. पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

गिरण्या याच पट्ट्यात का आल्या? बंदर हाताशी होतं, कापूस उतरायचा, माल चढायचा. शिवाय समुद्रावरची दमट हवा. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, दमट हवेत टिकतं. आणि जमीन स्वस्त होती, कारण ती मुळात खाजणाची. अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मी-वरळीच्या मधला समुद्राचा शिरकाव बांध घालून अडवला, तेव्हा कुठे मधला सखल भाग कोरडा राहू लागला. परळ-हिंदमाताला आजही पावसात पाणी का साचतं, याचं निम्मं उत्तर या भूगोलात आहे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिली सूतगिरणी काढायला घेतली आणि पुढच्या शंभर वर्षांत या सखल पट्ट्याचं गिरणगाव झालं. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून माणसं आली. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाळेकरी, खानावळवाल्या बाया, भजनी मंडळं, गणपतीची आरास, सगळं भोंग्याच्या वेळापत्रकावर.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. काही गिरण्या पुन्हा धडधडल्या, पण बऱ्याच आचके देत चालत राहिल्या. आणि मालकांच्या लक्षात आलं की साच्यांपेक्षा, म्हणजे विणायच्या मागांपेक्षा, साच्यांखालची जमीन जास्त किमतीची आहे.

तीन वाटे

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं. कागदावर हे कलम चांगलं होतं, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. गिरणीची जागा दुसऱ्या वापरासाठी विकसित करायची असेल तर तिचे तीन भाग. ३३ टक्के महापालिकेला, बागा, मैदानं आणि सार्वजनिक सोयींसाठी. २७ ते ३७ टक्के म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. राहिलेली मालकाला, म्हणजे लहान भूखंडात ४० टक्के, तर दहा हेक्टरच्या वरच्या भूखंडात ३० टक्के. दिलेल्या जमिनीच्या बदल्यात मालकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येईल असा बांधकामाचा हक्क. लोकांच्या तोंडी हे ‘एक तृतीयांशचं सूत्र’ म्हणून बसलं.

विचार करा, ढोबळ हिशेबाने ६०० एकरांतले जवळपास दोनशे एकर मोकळे, दोनशे एकर घरांना. एवढी मोकळी जागा एकदम हाती येण्याची संधी बेट-शहराला त्याआधी फारशी आली नव्हती, आणि पुढे येईल असं वाटत नाही.

पण नियमात एक पळवाट होती. गिरणीची जुनी इमारत न पाडता आतल्या आत वापर बदलला, तर वाटणीचा प्रश्न येत नव्हता. मग पाडायचं कशाला? साचेखात्यात ऑफिसं, गोदामात स्टुडिओ. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात बोलिंग अ‍ॅली आली आणि गिरणगाव आ वासून बघत राहिलं. तिथलं धुराडं अजून उभं आहे. भोवती मॉल, वर आकाश, मध्ये ते विटांचं धुराडं. तिथे येणाऱ्या पोरापोरींना ते शोभेचं वाटतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. धूर निघताना त्यांनी ते पाहिलेलं नाही.

१९९६ मध्ये राज्य सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. त्यांनी प्रामुख्याने सरकारी मालकीच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा विचार केला. मुंबईत महामंडळाच्या अशा २५ गिरण्या होत्या. कोरियांचा मुद्दा साधा होता. प्रत्येक गिरणीचे वेगळे तीन तुकडे केलेत तर हाती चिंध्या येतील. इथे अर्धा एकर बाग, तिथे पाऊण एकरात चार इमारती. त्याऐवजी शेजारशेजारच्या गिरण्या एकत्र धरा आणि वाटे एकत्रित जागेवर पाडा. परळ आणि एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) ही दोन स्टेशनं एकमेकांना खेटून आहेत, तिथे मोठा मोकळा चौक आणि पायी चालणाऱ्यांसाठी ऐसपैस वाट निघू शकते. अहवाल आला आणि बासनात गेला. परळ-एल्फिन्स्टनचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

एक शब्द

२००१ मध्ये कलम ५८ बदललं. टक्केवारीला कुणी हात लावला नाही. ३३ टक्के तेच, म्हाडाचा हिस्सा तोच. बदललं ते एवढंच की हे टक्के संपूर्ण जागेवर न लावता फक्त मोकळ्या, म्हणजे बांधकाम नसलेल्या जमिनीवर लावायचे. इमारतीखालची जमीन वाटणीतून बाहेर. मालक ती इमारत पाडणार, तेवढंच बांधकाम पुन्हा नव्याने उभारणार, आणि पाडल्यावर मोकळी झालेली जमीनही त्याचीच राहणार.

गिरणी कशी असते ते ज्याने पाहिलं आहे त्याला याचा अर्थ समजायला वकील लागत नाही. गिरणी म्हणजे या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत पसरलेलं छप्पर. सूतखातं, साचेखातं, रंगखातं, गोदाम, बॉयलर. मोकळी जागा म्हणजे फाटकातून ट्रक वळायला लागेल तेवढी, आणि एखादा तलाव. समजा दहा एकरांची गिरणी आहे आणि आठ एकरांवर बांधकाम आहे. जुन्या नियमाने महापालिकेला साधारण सव्वातीन एकर मिळाले असते. नव्या नियमाने दोन एकरांचे ३३ टक्के, म्हणजे पाऊण एकरही नाही. शाळेतल्या भागाकारात सांगायचं तर भाजक जिथल्या तिथे राहिला, भाज्यच आटलं.

पुढे हे प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा जो हिशेब चर्चेत होता त्यानुसार, जुन्या नियमाने मोकळ्या जागांसाठी सुमारे १६६ एकर आणि घरांसाठी सुमारे १६० एकर जमीन आली असती. नव्या नियमाने ती अनुक्रमे सुमारे ३२ आणि २५ एकरांवर आली.

बदल करणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ होती असंही नाही. १९९१ च्या नियमाखाली फार थोडे मालक पुढे आले होते. दोन तृतीयांश जमीन सोडायला कुणी तयार नव्हतं, गिरण्या कुलूपबंद पडून होत्या, कामगारांची देणी थकली होती. मालकाला थोडं जास्त दिलं तर तो हलेल, जमीन विकली जाईल, आलेले पैसे वेगळ्या खात्यात जमा होऊन कामगारांना मिळतील, असा युक्तिवाद होता. त्यातलं दुखणं खरं होतं. माझं म्हणणं एवढंच की त्यावर आधी पळवाट बुजवण्याचा उपाय करून बघता आला असता. इमारत ठेवा नाहीतर पाडा, वापर बदललात की वाटणी लागू, असा नियम केला असता तर मालकाला कुलूप लावून बसण्यात फायदा उरला नसता. दोन्ही बाजूंना थोडे चिमटे बसले असते. इथे बसले ते एकाच बाजूला.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने २००५ मध्ये जनहित याचिका केली. खटला चालू असतानाच महामंडळाच्या पाच गिरण्यांची विक्री गाजत होती. ज्युपिटर २७६ कोटी, मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटी, कोहिनूर क्रमांक ३ ला ४२१ कोटी, एल्फिन्स्टन ४४१ कोटी आणि अपोलो १८० कोटी. बेरीज दोन हजार वीस कोटी. या पैशातून स्वेच्छानिवृत्तीची आणि इतर देणी भागली, हा कामगारांचा खराखुरा लाभ मोजलाच पाहिजे. त्याच वेळी महामंडळ देशभरातल्या आपल्या गिरण्यांचं आधुनिकीकरणही अशाच जमीनविक्रीतून करणार होतं. म्हणजे परळची जमीन विकून दुसऱ्या राज्यातल्या गिरणीत नवे साचे. राष्ट्रीय महामंडळाच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पण लाभ कोणत्या समाजाला झाला हे लिहायचं तर हा पत्ताही लिहायला हवा.

त्याच वर्षी २६ जुलैला मुंबई बुडाली. मोकळी जमीन म्हणजे पाणी जिरायची जागा, हे त्या दिवसानंतर कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. १७ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने याचिकेच्या बाजूने निकाल दिला. मोकळी जमीन म्हणजे बांधकाम पाडल्यावर मोकळी होणारीही, असा त्याचा आशय. गिरणगावात पेढे वाटायला वेळ मिळाला तो जेमतेम पाच महिन्यांचा. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सरकारने केलेला बदल वैध ठरला, आणि घराखालची जमीन थोरल्याकडे राहिली.

धाकट्यांच्या पदरात

आता म्हाडाच्या वाट्याकडे पाहू. तिथे जे मिळालं ते आपसूक मिळालं नाही. दत्ता इस्वलकरांची बंद गिरणी कामगार संघर्ष समिती आणि इतर संघटना वर्षानुवर्षं मोर्चे काढत, धरणी धरत राहिल्या, म्हणून या घरांवर गिरणी कामगारांचा हक्क मान्य झाला. पात्रतेची तारीख ठरली १ जानेवारी १९८२. त्या दिवशी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार, नाहीतर त्याचा वारस.

पुरावा काय द्यायचा? हजेरीचं कार्ड, तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती. ज्या माणसाने संपात गाव गाठलं, दोन-तीन खोल्या बदलल्या, त्याच्या ट्रंकेत पंचवीस-तीस वर्षांनी हे कागद सापडणं ही नशिबाचीच गोष्ट. पुष्कळ घरांत ते म्हातारीने जपलेले निघाले, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात, देवघराच्या फळीवर.

२०१२ ला पहिली मोठी सोडत निघाली, ६,९२५ घरांची, किंमत साडेसात लाख. २०१६ ला २,६३४ घरं, साडेनऊ लाख. २०२० च्या १ मार्चला बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४ घरं, किंमत पुन्हा साडेनऊ लाख. शिवाय पनवेलजवळ कोनला मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, बांधलेली २,४१७. एकूण १५,८७०. अर्ज सुमारे पावणेदोन लाख. म्हणजे अकरा अर्जांमागे एक घर, तेही कोनची घरं गिरणगावात धरली तर.

घर २२५ चौरस फुटांचं. दहा बाय दहाच्या दोन खोल्या आणि वर दोन पावलं टाकायला जागा, त्यातच ओटा, त्यातच संडास-बाथरूम. वर्तमानपत्रांतून याला खुराडं म्हणणारे लेख आले. मला ते पटत नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत जिने संसार केला आणि पहाटे चारला बादली घेऊन सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी राहिली, त्या बाईला आपल्या घरात आपल्या कडीचा संडास मिळाला, यापेक्षा ठोस लाभ कोणत्या नियोजन अहवालात दाखवाल? तक्रार घराच्या मापाची आहेच, पण त्याहून मोठी आहे ती रांगेतल्या दहा जणांची. शेजारच्या मालकाच्या वाट्यातल्या टॉवरमधलं घर कोटींच्या भावात, आणि इकडे लिफ्टचा आणि देखभालीचा महिन्याचा खर्च निवृत्त माणसाला भारी पडतो. चाळीत गॅलरी होती. टॉवरमध्ये दार बंद केलं की बाहेर काय चाललंय ते कळत नाही, ही कुरबुर या इमारतींमध्ये नेहमी ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण ती कुरबुर करायलाही आधी घर लागायला लागतं.

मग ती परळ-एल्फिन्स्टनची वाट. लोअर परळ आणि परळ पट्ट्यात ऑफिसं उभी राहिली, रोज हजारो माणसं सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान त्याच दोन स्टेशनांवर उतरू लागली. पूर्वी गिरणीचा कामगार चालत कामावर यायचा, कारण तो पलीकडच्या गल्लीत राहायचा. नवा नोकरदार कल्याण, विरारहून येतो. जमिनीचा वापर बदलला, इमारती बदलल्या, पण दोन स्टेशनांना जोडणारा पादचारी पूल तोच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, पुलावर माणसं आडोशाला थांबली, खालून लोंढा येत राहिला. २३ माणसं चेंगरून गेली. पुढे लष्कराने नवा पूल बांधला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. पूल रेल्वेचा आणि जमीन गिरणीची, त्यामुळे एकाचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडता येणार नाही. पण वीस वर्षांपूर्वी याच ठिकाणी मोकळा चौक आणि ऐसपैस वाट सुचवली होती, हे विसरताही येत नाही. त्या चेंगराचेंगरीनंतर बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबर २०१७ ला, कमला मिलच्या आवारातल्या हॉटेलांना आग लागून १४ जणांचा जीव गेला. पाठोपाठच्या या दोन तारखांनी लोअर परळच्या झगमगाटाखालची दाटी सगळ्या देशाला दाखवली.

एका गिरणीचं मात्र वेगळं झालं. दादरला, चैत्यभूमीच्या शेजारी, समुद्राला अगदी खेटून इंदू मिल होती. इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६, महामंडळाची, साडेबारा एकर. दर ६ डिसेंबरला लाखो माणसं चैत्यभूमीवर येतात, आणि त्या गर्दीच्या शेजारी ही बंद गिरणी कुंपण घालून पडलेली. ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते सरळ आत शिरले आणि ठाण मांडून बसले. वर्षभराने, ५ डिसेंबर २०१२ ला, ही जागा डॉ. आंबेडकरांच्या स्मारकासाठी देण्याची घोषणा केंद्राने संसदेत केली. ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झालं. १०० फुटांच्या चौथऱ्यावर ३५० फुटांचा पुतळा अशी आता योजना आहे आणि काम एमएमआरडीएकडे आहे.

इंदू मिलमध्ये ३३ टक्के की ३७, मोकळी जमीन की बांधलेली, हा खल झालाच नाही. साडेबारा एकर अख्खी सार्वजनिक झाली. मालक सरकारी होता, मागणारा समाज मोठा होता आणि तो जागेवर जाऊन बसला होता, ही तिन्ही कारणं त्यामागे आहेत. इतर गिरण्यांच्या बाबतीत मागणारे तर होते, पण २००६ पर्यंत त्यांच्यापाशी कोर्टाचा कागद सोडून काही राहिलं नव्हतं, आणि महामंडळाच्या बाकीच्या गिरण्यांचा मालकही सरकारच होता, म्हणजे नुसत्या सरकारी मालकीने भागत नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला इतकी वर्षं झाली तरी धाकट्यांचा हिशेब मिटलेला नाही. ज्यांना सोडतीत घर लागलं नाही त्यांच्यासाठी मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने शेलू आणि वांगणी इथे ८१ हजार घरांचा निर्णय काढला. ही स्टेशनं बदलापूरच्याही पुढे. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात गिरणी कामगार आणि त्यांचे वारस जमले ते त्याविरुद्ध, घर मुंबईतच हवं म्हणून. म्हातारे बरेच होते, काठी टेकत आलेले, आणि त्यांच्या मागे फाइल काखेत धरलेली मुलं-नातवंडं. १९८२ साली विशीत असलेला बदली कामगार आता साठी ओलांडून गेला आहे, आणि त्याच्या अर्जावर राहण्याच्या पत्त्याखाली अजून खातं आणि तिकीट नंबर लिहिलेला असतो.